केमन एस (९८७) : आफ्टरमार्केट ब्रेक पॅड बसवायचेत, कंपाउंड आणि डॅम्परबद्दल सल्ला हवा

घाटवेडा_पुणे :

नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची पोर्श केमन एस (९८७ पिढी), मॅन्युअल, लोखंडी डिस्क, लाल कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग). पुढच्या पॅडचं मटेरियल ३ मिमी उरलंय, मागचं ५. डिस्क मायक्रोमीटरने मोजल्या : पुढची २७.३ मिमी, मागची २३.५. थरथर नाही, तडे दिसत नाहीत.

वापर असा : आठवडाभर गाडी झाकलेली, रविवारी पहाटे ताम्हिणी नाहीतर वरंधा, आणि अधूनमधून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डे. घाटात ओरिजिनल पॅडबद्दल अक्षराची तक्रार नाही. ट्रॅकवर मात्र चार-पाच लॅपनंतर पेडल टणकच राहतं, पण कितीही जोर लावला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. पीएसएम (गाडीची घसरण आवरणारी यंत्रणा) चालूच ठेवतो.

प्रश्न :
१. घाट आणि ट्रॅक दोन्हीला चालेल असा एकच पॅड असतो का? की फक्त पुढे कडक पॅड टाकून मागे ओरिजिनल ठेवू?
२. ओरिजिनल पॅडच्या पाठीला चिकटलेले ते गोल डॅम्पर नव्या पॅडला लावायचे की नाही?
३. वेअर सेन्सरचं (पॅड झिजल्यावर दिवा लावणारा) काय करायचं?
४. काम घरीच करायचा विचार आहे. जॅक, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), टॉर्क रेंच आहे. कुठे फसायला होतं ते सांगा.

लाइनिंगबहाद्दर :

पेडल टणक आणि गाडी थांबत नाही, हे लक्षण पॅडचं. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर पेडल मऊ होऊन खाली गेलं असतं. दोन्ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. लोक पहिल्या दुखण्यावर महागडं ऑइल टाकतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात.

पॅड का हरतो हे आकड्यांत बघा. गाडी, चालक, पेट्रोल मिळून १४५० किलो धरू. ताशी २०० वरून ८० वर आणताना सुमारे १.९ मेगाज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातला साठ-पासष्ट टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कचा, म्हणजे एकीवर ०.६ मेगाज्यूल. डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या कड्याचं वजन साडेसहा किलो धरलं तर एका ब्रेकिंगला तापमान २०० अंशांनी चढतं. पुढच्या वळणाआधी त्यातलं थोडंच उतरतं. पाच लॅप झाले की डिस्क कुठे पोचली असेल याचा हिशोब तुम्हीच करा. रस्त्याच्या पॅडमधलं रेझिन (मटेरियल बांधून ठेवणारी राळ) त्या तापमानाला टिकत नाही, त्याचा वायू होतो आणि घर्षण पडतं. त्यात तुमचे पॅड ३ मिमीवर. पॅड हीच उष्णता आणि पिस्टन यांच्यामधली भिंत असते. ती पातळ झाली की उष्णता सरळ ऑइलमध्ये जाते. ट्रॅक डेला निघताना निम्म्यापेक्षा कमी मटेरियल असेल तर त्या पॅडवर जाऊच नये.

आता प्रश्न १. एकच पॅड दोन्हीकडे पूर्ण मार्क मिळवेल असं होत नाही. पण तुमचा वापर बघता मधल्या जातीचा कंपाउंड (पॅडच्या मटेरियलचं मिश्रण) चालेल. फेरोडो डीएस२५०० हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं ते उगाच नाही : कंपनीच्या तक्त्यात सरासरी घर्षणांक ०.४२ आणि कामाचा पट्टा २० ते ५०० अंश. म्हणजे थंडीतही पकडतो आणि हौशी ट्रॅक डेलाही पुरतो. ईबीसी यलोस्टफ त्याच गटातला. पॅजिडचा पिवळा आरएस२९ मात्र एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीचा पॅड. ट्रॅकवर तो मोजूनमापून आणि टिकाऊ, पण भर गावात सिग्नलला थांबताना बोंब मारतो आणि धुळीने रिम खराब करतो. रोजच्या गाडीला मी सुचवणार नाही.

ज्या पॅडला काम सुरू करायलाच दीड-दोनशे अंश लागतात तो जुलैत ताम्हिणीत घेऊन जाऊ नका. धुकं, ओला रस्ता, डिस्कवर पाण्याचा पापुद्रा, आणि धबधब्यापाशी वळणावर उभ्या केलेल्या गाड्या. पहिल्या ब्रेकला काहीच होत नाही, आणि तोच ब्रेक हवा असतो.

पॅडच्या कडेला एफएफ, जीजी अशी अक्षरं असतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण ती चाचणी साडेतीनशे अंशांच्या आतच संपते. ट्रॅकवर पॅड किती टिकेल हे त्या अक्षरांवरून कळत नाही. विक्रेता सांगतो तसं ते रँकिंग नाही.

फक्त पुढे कडक आणि मागे ओरिजिनल? नको. पुढचं घर्षण वाढलं की पुढची चाकं आधी लॉकच्या जवळ जातात, एबीएस लवकर जागं होतं आणि मागचे ब्रेक रिकामेच फिरतात. एकूण थांबण्याचं अंतर कमी होण्याऐवजी वाढू शकतं. उलट केलं तर आणखी वाईट : मागे जास्त पकड म्हणजे वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारताना गाडीची शेपटी फिरते, आणि मधे इंजिन असलेली गाडी फिरायला लागली की आवरत नाही. चारही चाकांना एकच कंपाउंड.

पीएसएम चालू असताना मागच्या पॅडकडे जास्त लक्ष ठेवा. आतलं मागचं चाक घसरायला लागलं की तीच यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक लावते. तुम्ही पेडलला हात, म्हणजे पाय, लावलेला नसतो, तरी मागचे पॅड तापत आणि झिजत असतात.

दहाचा_पाना :

वर कंपाउंडचं व्यवस्थित झालंय. मी प्रश्न ४ घेतो, २ आणि ३ ओघात येतील.

पॅड मागवण्याआधी : साधी केमन आणि केमन एस यांचे पुढचे पॅड वेगळे. नुसतं 'केमन' सांगून ऑर्डर देऊ नका. पॅड उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये आकाराचं रेखाचित्र आणि मापं असतात, ती जुन्या पॅडशी व्हर्निअरने पडताळा. लाल कॅलिपर म्हणजे लोखंडी डिस्क हे खरं, पण सेकंडहँड गाडीत कॅलिपर रंगवलेलेही असतात. पुढच्या डिकीच्या झाकणावरच्या स्टिकरवर ऑप्शन कोड बघा. ४५० असेल तर गाडी कारखान्यातून सिरॅमिक डिस्क घेऊन निघालीय. सिरॅमिकचे पॅड वेगळे, अदलाबदल चालत नाही.

तुमच्या डिस्क ठीक आहेत. नवी पुढची २८, किमान २६. मागची २४ आणि २२. तडे मात्र पुन्हा बघा, यावेळी टॉर्च घेऊन. छिद्रांच्या कडेला केसाएवढ्या रेषा असणारच. एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंत जोडलेली किंवा डिस्कच्या बाहेरच्या काठापर्यंत गेलेली रेघ दिसली तर डिस्क भंगारात. डिस्क बदलायची वेळ आली तर कॅलिपरचे बोल्ट नवीन घ्या, ८५ न्यूटन-मीटर. नुसते पॅड बदलताना कॅलिपर खोलावा लागत नाही.

आता काम. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक, मग घोडी. जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. टूलकिटमधला आट्यांचा दांडा एका बोल्टाच्या जागी फिरवून ठेवा, म्हणजे चाक काढता-घालताना कॅलिपरवर आपटत नाही.

पुढच्या डिकीत काचेकडच्या प्लास्टिक झाकणाखाली ब्रेक ऑइलची टाकी आहे. झाकण सैल करा, आजूबाजूला फडकी पसरा. कुणी मधे ऑइल टॉप-अप केलेलं असेल तर पिस्टन मागे ढकलताना ते उतू जाणार, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. आधीच मोठ्या सिरिंजने थोडं काढून ठेवलेलं बरं. फार नको, क्लचलाही याच टाकीतून ऑइल जातं. पातळी फार खाली गेली तर क्लचमध्ये हवा शिरून एकाची दोन कामं होतात.

सेन्सरची टोकं पॅडच्या खाचेतून उचलून काढा. वायर धरून ओढायची नाही, प्लास्टिक धरायचं. पॅड धरून ठेवणारी आडवी पिन असते. तिच्या एका टोकाला छोटी क्लिप, दुसऱ्या टोकाला डोकं. क्लिप काढा आणि क्लिपच्या बाजूने पंच लावून पिन ठोका. मधली पत्र्याची स्प्रिंग दाबाखाली असते. स्क्रू ड्रायव्हरने ती दाबून धरली की पिन अलगद निघते, नाहीतर पिन वाकते आणि स्प्रिंग तोंडावर येते. चष्मा घाला.

आता खरी गंमत. ओरिजिनल पॅड सरळ वर ओढला तर येणार नाही, कारण त्याच्या पाठीचे डॅम्पर पिस्टनच्या पोकळीत अडकलेले असतात. आधी पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर घालून पॅड पिस्टनसकट मागे ढकला. मग पॅडची पट्टी (मटेरियल जिच्यावर चिकटवलेलं असतं ती मागची पाटी) पिस्टनपासून सुटी करत डिस्कच्या बाजूला आणा आणि वर काढा. डिस्कच्या काठावर लोखंडी दांडा टेकवून जोर लावू नका, काठ उडतो.

एका वेळी एकच पॅड काढा. चार पिस्टनचा स्थिर कॅलिपर आहे, एका बाजूचे दोन पिस्टन दाबले की समोरचे बाहेर येतात. समोर जुना पॅड असला तर ते अडतात. दोन्ही पॅड काढून बसलात तर हा आत, तो बाहेर असा खेळ संध्याकाळपर्यंत चालेल. पिस्टन दाबण्याआधी त्याची उघडी कड आणि रबरी बूट ब्रेक क्लीनर मारलेल्या फडक्याने पुसा. काळी धूळ सीलच्या मागे गेली की पिस्टन अडकायला लागतो.

डॅम्पर : ट्रॅक वापर असेल तर काढा. त्यांचा गोंद तापून मऊ होतो, पॅड तिरका धरला जातो आणि एका टोकाला जास्त झिजतो. काढायचेच तर चारही चाकांचे सगळे काढा. एखादा पिस्टनमध्ये अडकून राहिला आणि त्यावर नवा पॅड दाबला तर पॅड जाड झाल्यासारखा वाटतो, डिस्कवर सरकतच नाही. बऱ्याच जणांना मग वाटतं की चुकीचा पॅड आला. तसं झालं तर आधी टॉर्च मारून पिस्टनच्या आत बघा. चार पिस्टनपैकी डिस्क ज्या टोकाने पॅडखाली शिरते तिकडचे लहान, दुसऱ्या टोकाचे मोठे आहेत. तिरकी झीज कमी व्हावी म्हणूनच ते तसे. त्यामुळे डॅम्परही दोन मापांचे असतात, ते परत वापरणार असाल तर जागा बदलू नका.

ज्या कामाला सगळे टाळतात ते म्हणजे पॅडची बैठक. कॅलिपरमध्ये पॅडची टोकं ज्या पातळ स्टीलच्या पट्ट्यांवर सरकतात, त्यांच्या खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी साचते. ही गाडी पावसातही निघत असेल, तर ती असणारच. भुकटी फुगते, पट्टीला बाहेर ढकलते आणि पॅडची जागा अरुंद होते. नवीन पॅड ठोकून बसवावा लागत असेल तर दोष इथेच असतो, पॅडमध्ये क्वचित. पट्टीचा छोटा स्क्रू काढा (घट्ट असतो, योग्य बिट पूर्ण बसवूनच फिरवा, डोकं गेलं तर ड्रिल लागतं), खालची भुकटी ब्रशने खरवडा, पट्टी सरळ करून परत लावा.

एवढं करूनही घट्टच जात असेल तर पॅडच्या पट्टीच्या टोकांवरचा जाड रंग कानशीने काढा. फक्त रंग, धातू नाही. पॅड बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. त्या टोकांना ब्रेकसाठीचं उच्च तापमानाचं ग्रीस नखाएवढं, पुसट. पिस्टनच्या रबराला नाही, पॅडच्या तोंडाला तर नाहीच.

जुन्या पॅडचा थर डिस्कवर असतो. वेगळा कंपाउंड बसवताना तो काढायला हवा. ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर गोल-आडवा फिरवून चकाकी घालवा आणि ब्रेक क्लीनरने पुसा.

सेन्सर : नवीन पॅडला खाच असेल तर बसवा. नसेल तर वायर कॅलिपरच्या पाइपालगत प्लास्टिक टायने बांधून ठेवा, कनेक्टर जोडलेलाच राहू द्या. सर्किट पूर्ण असेपर्यंत दिवा लागत नाही. टोक घासून वायर तुटलेली असेल तर नवा पॅड घालूनही दिवा जाणार नाही, सेन्सर बदलावा लागेल. आणि सेन्सर बांधून ठेवलात म्हणजे आता दिवा तुम्हाला कधीच सांगणार नाही. प्रत्येक ट्रॅक सेशननंतर चाकाच्या आऱ्यांमधून पॅड बघायची सवय लावा.

मागे काम आणखी सोपं. हँडब्रेकचे लायनर डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये वेगळे आहेत, त्यामुळे पिस्टन फिरवत आत घालायची भानगड नाही. पुढच्यासारखंच.

चाकाचे बोल्ट १३० न्यूटन-मीटर, चांदणीच्या क्रमाने, गाडी जमिनीवर. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबा. पहिल्या दोन-तीन दाबांना पेडल तळाला जातं, पिस्टन पॅडपर्यंत यायचे असतात. हे विसरून गिअर टाकला तर गॅरेजची भिंतच ब्रेक होते.

श्टुटगार्टकर :

पाना साहेबांच्या डॅम्परच्या मताला अर्धी सहमती. ट्रॅकसाठी काढा हे ठीक. पण घाटवेडा यांची गाडी नव्वद टक्के रस्त्यावरच आहे. डॅम्पर पॅडला पिस्टनशी बांधून ठेवतात, त्यामुळे आवाज दबतो आणि पेडल सोडल्यावर पॅड डिस्कवरून नीट सुटतो. पॅड उत्पादक डॅम्परसाठी जागा सोडून सपाट पाठ देत असेल आणि तुम्ही फक्त अधूनमधून ट्रॅकवर जात असाल, तर नवीन डॅम्पर लावून बघायला हरकत नाही. जुने उकरून काढलेले मात्र नकोत, गोंद गेलेला असतो. शर्यतीच्या पॅडला काढायचेच.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक मुद्दा. इथे पॅडच्या पट्टीवर ईसीई आर९० (युरोपातली सुट्या पॅडची मान्यता) चा शिक्का नसेल आणि वेगळी परवानगी नसेल तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच धोक्यात येतो. तपासणीत पकडलं गेलं तर पॅड बदलून पुन्हा रांगेत. आर९० म्हणजे पॅडचं काम ओरिजिनलच्या जवळपास आहे हे चाचणीत सिद्ध झालेलं असतं, १५ टक्क्यांच्या आत. नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर पैसे भरून जाणाऱ्यांचा नेहमी गैरसमज होतो की ट्रॅक आहे तर काहीही चालेल. पर्यटक फेऱ्यांच्या वेळी तो २०.८ किलोमीटरचा रस्ता टोल रस्ता असतो आणि रस्त्याचेच नियम लागू. शिक्का नसलेला पॅड तिथेही बेकायदा.

भारतात तो शिक्का कुणी विचारत नाही, पण नकली मालाची चाळणी म्हणून उपयोगी आहे. खोक्यावरचा नंबर आणि पट्टीवर कोरलेला नंबर जुळत नसेल, किंवा पट्टीवर नुसता स्टिकर असेल आणि काहीच कोरलेलं नसेल, तर परत करा.

लाइनिंगबहाद्दर :

पॅड बसवले म्हणजे काम झालं असं नाही, बेडिंग राहिलं. त्याशिवायचा पॅड अर्धाच पॅड. पॅडच्या मटेरियलचा एकसारखा पातळ थर डिस्कवर चढवायचा असतो. थर असमान चढला तर ताशी ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं आणि मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते, थरात डाग पडलेले असतात.

उत्पादकाची पद्धत खोक्यात असेल तर तीच. नसेल तर : मोकळा, सरळ, मागे कुणी नसलेला रस्ता. एक्स्प्रेस वे नाही, तिथे मागचा ट्रकवाला तुमच्या प्रयोगात सामील नाही. ताशी १०० वरून ४० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, दर वेळी थोडा जोर वाढवत, एबीएस लागू न देता, आणि एकदाही पूर्ण न थांबता. मधे वास येईल, थोडा धूर दिसेल, पेडल जरा लांब जाईल. नव्या पॅडमधले वायू निघताहेत. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवत ठेवा. गरम असताना सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो, आणि सगळी मेहनत पाण्यात. पूर्ण थंड झाल्यावर तेच पुन्हा एकदा. डिस्कवर फिकट निळसर-राखाडी एकसारखी झाक आली की झालं. खरा ट्रॅक पॅड असेल तर हे पहिल्या सेशनमध्ये ट्रॅकवरच करायचं, रस्त्यावर त्याला लागणारं तापमान मिळतच नाही.

ऑइलही त्याच वेळी बदला. साधं डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी शोषायला वेळ लागत नाही. मोटुल आरबीएफ ६०० चा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश. ट्रॅक डेच्या आधी ताजं, दरवर्षी. प्रत्येक कॅलिपरला दोन निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचे स्क्रू) आहेत, आधी बाहेरचा, मग आतला. आतला विसरला जातो आणि पेडल कधीच नीट होत नाही.

घाटवेडा_पुणे :

सगळ्यांचे आभार. डीएस२५०० चारही चाकांना बसवले, डॅम्पर न लावता. पुढे दोन्हीकडे पट्ट्यांखाली पांढरी भुकटी निघाली, पाना साहेब म्हणाले तशीच. बेडिंग झालं. आता दोन गोष्टी : डाव्या पुढच्या चाकातून ताशी दहा-पंधराला थांबताना किंचाळी येते, गरम झाल्यावर कमी होते. आणि सकाळी पहिल्या ब्रेकला पेडल अर्धा इंच जास्त जातं, दुसऱ्यांदा ठीक. सेन्सरचा दिवा नाही.

दहाचा_पाना :

एकाच चाकातून आवाज असेल तर कंपाउंडला दोष देऊ नका, तो चारही चाकांत तोच आहे. घाटातून फिरून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुढच्या डिस्क मोजा, एकाच जागी, एकामागोमाग. डावी चाळीसेक अंशांनी जास्त गरम असेल तर तिथला पॅड सुटत नाही : कॅलिपरमधली स्टीलची पट्टी नीट बसलेली नाही किंवा पिस्टन जड आहे. चाक काढून पॅड हाताने हलवून बघा, आतला आणि बाहेरचा दोन्ही. बाहेरचा हलतो म्हणून आतला न बघता चाक लावू नका.

तापमान सारखं असेल तर पॅडच्या पुढच्या आणि मागच्या धारेला कानशीने ४५ अंशांचा उतार द्या, २-३ मिमी पुरे. धार बोथट झाली की डिस्कवर अडकून थरथरणं कमी होतं. मास्क लावा, धूळ श्वासात नको.

सकाळच्या लांब पेडलचं कारण बहुधा डॅम्पर नसणं. रात्रीत पॅड पिस्टनपासून जरासे सुटतात, पहिल्या दाबाला ते अंतर भरून निघतं. पण तसं गृहीत धरण्याआधी पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली जात राहिलं तर ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलमागचा मुख्य पंप) गेलाय, तोवर गाडी बाहेर काढू नका. जागेवर ठाम राहिलं आणि दोनदा दाबल्यावर उंची वाढली तर हवा राहिलीय का बघा, आतल्या निपलपासून सुरुवात करा.

श्टुटगार्टकर :

पुढच्या ट्रॅक डेला डिस्कच्या काठावर तापमानाचे रंग लावून घ्या, अंदाजपंचे बोलणं थांबेल. हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला रंग बदलतो. फक्त हिरवा बदलला तर डीएस२५०० आरामात आहे. नारिंगीही गेला तर पॅड त्याच्या पट्ट्याबाहेर चाललाय, मग एकतर सेशन लहान करा नाहीतर ट्रॅकसाठी दुसरा सेट ठेवा. तो सेट ठेवलात तर प्रत्येक अदलाबदलीला डिस्क पेपरने घासायची आणि बेडिंग नव्याने.

लाइनिंगबहाद्दर :

आणि असल्या पॅडच्या धुळीत लोखंड असतं. पावसात ती रिमवर बसून गंजते, नारिंगी ठिपके पडतात, मग ते निघत नाहीत. गाडी धुतल्यावर ओलीच झाकून ठेवू नका. सोसायटीच्या आवारात एक फेरी मारून चार-पाच हलके ब्रेक लावा, डिस्क सुकतात. नाहीतर पुढच्या रविवारी पॅड डिस्कला चिकटलेले असतील आणि गाडी हलताना 'टक' असा आवाज येईल. एकदाच आला तर काही बिघडत नाही.